पहिला चहा कुणाकडे

मानसिंग धुमाळ सरांचा प्रबंध मी तीन वेळा टाइप केला. पहिल्यांदा सगळा, दुसऱ्यांदा पुन्हा सगळा आणि तिसऱ्यांदा फक्त एका तळटिपेपायी शेवटची चाळीस पानं. भोरच्या एसटी स्टँडजवळ माझं ‘यास्मिन झेरॉक्स’ नावाचं दुकान आहे. यास्मिन माझी बायको. दुकानाला तिचं नाव दिलं तरी ती इकडे फिरकत नाही, कारण तिला मशीनचा वास सोसत नाही. टाइप करणाऱ्यानं मजकुरात डोकं घालू नये, असा माझा नियम आहे. लग्नपत्रिका असो, तहसीलचा अर्ज असो, नाहीतर निवडणुकीचं पत्रक, मी न वाचता टाइप करतो. सरांच्या बाबतीत तो नियम मोडला, आणि पुढं जे झालं त्यात थोडा दोष माझाही आहे.

सर इथल्याच एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. अंगानं उंच, पण चालायचे असे की जणू प्रत्येक दार त्यांना ठेंगणं आहे. लग्न राहून गेलेलं. आधी शिक्षण, मग नोकरी, मग नोकरी पक्की होण्याची वाट, आणि त्यात पंचेचाळिशी कधी आली ते त्यांनाही कळलं नाही. भाड्याच्या एका खोलीत राहायचे. आईवडील गेलेले. उरला होता तो थोरला भाऊ, धनाजी. कामथडीजवळच्या वाडीत तो शेती करायचा. दहावीनंतर धनाजीनं शाळा सोडून नांगर धरला म्हणून धाकट्याला शिकता आलं, हे सर दर दोन महिन्यांनी मला एकदा तरी सांगायचे. शनिवार आला की दुपारच्या गाडीनं कापूरहोळला उतरायचं, तिथून शेअर रिक्षानं वाडी गाठायची, रविवारी संध्याकाळी परत. सोमवारी दुकानात आले की वहिनीनं काय खाऊ घातलं ते ऐकावं लागायचं. मी कंटाळायचो. आता वाटतं, कंटाळायला नको होतं.

प्रबंधाचं नाव दोन ओळींचं होतं. राजकीय पक्षांची स्थानिक संघटना, लोकशाही, भोर व वेल्हे तालुके, असं सगळं त्यात होतं. सोप्या भाषेत सांगायचं तर, मुंबईत आणि दिल्लीत बसलेला पक्ष आमच्या डोंगरातल्या गावात पोचतो का, आणि पोचला तर कुणाच्या पायानं पोचतो, एवढंच त्यांना शोधायचं होतं.

“इरशादभाई,” ते म्हणायचे, “गावात नुसता झेंडा असून भागत नाही. दुकान बंद आणि पाटी तेवढी लावलेली, असं असेल तर लोकशाहीचं काय होणार?”

मी म्हणायचो, “सर, पाटीचा साइज सांगा, लगेच छापून देतो.”

अभ्यासाची गावं त्यांनी माझ्याच काउंटरवर चिठ्ठ्या टाकून निवडली. चौतीस गावं. चिठ्ठ्या मी उचलत होतो, आणि एकोणिसाव्या चिठ्ठीला त्यांची स्वतःची वाडी निघाली. मी ती मागं टाकून दुसरी उचलायला निघालो, तर त्यांनी माझा हात धरला. “चिठ्ठी निघाली ती निघाली.” पुढं पुण्याच्या गाइडनंही त्यांना तेच सुचवलं, वाडी वगळा म्हणून. या माणसाला कुणाचं ऐकायची सवयच नव्हती, आणि त्याला तो प्रामाणिकपणा म्हणायचा.

पहिली फेरी तीन वर्षं चालली. प्रत्येक गावात तीस माणसं, म्हणजे एक हजार वीस फॉर्म. सर गावात उतरायचे, पारावर कुणीतरी विचारायचं, “कोन गाव? कुनाकडं?” आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणं आलेल्या माणसाला गावातल्या एखाद्या मोठ्या घरी नेऊन बसवायचे. कुठं सरपंचाकडे, कुठं सोसायटीच्या चेअरमनकडे. तिथं चहा व्हायचा. मग सर फॉर्म काढून घरोघर फिरायचे. आलेली सगळी उत्तरं मी टेबलांमध्ये बसवली. अमुक गावात अमुक पक्षाला इतके टक्के. वाडीत तीसपैकी सत्तावीस जणांनी धनाजीच्या पक्षाचं नाव सांगितलं होतं, आणि धनाजीनं तो आकडा पुढं वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवला.

सगळं टाइप झालं. बाइंडिंगला टाकायचं, एवढंच उरलं होतं. आणि मला फॉर्मच्या गठ्ठ्यात एक रिकामी जागा दिसली. सखूबाई, गाव केळदच्या वाटेवरचं, वयाचा रकाना कोरा. मी तिथं पासष्ट ठोकून दिलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण मी सरांना दाखवलं. सर म्हणाले, “जाऊन विचारून येऊ.”

एका वयासाठी आम्ही माझ्या स्कूटरवर वेल्ह्याच्याही पुढं गेलो. सखूबाई अंगणात नाचणी पाखडत बसली होती. वय विचारलं तर म्हणाली, “ल्ह्या तुमच्या मनानं. म्या कुटं मोजलंय?” सरांनी फॉर्म उघडला आणि सहज म्हणून तिचंच उत्तर तिला वाचून दाखवलं, की तुम्ही या पक्षाच्या आहात.

म्हातारी सूप खाली ठेवून हसली. “मागल्या येळंला तुमी आलता, तवा पैला च्या कुटं घ्येतलाता?”

“सरपंचांकडे.”

“मंग? सरपंचाच्या वसरीतनं उठून आलेल्या मानसाला आमी दुसऱ्याचं नाव सांगू व्हय? तुमी त्येंचं मानूस. त्येंच्या मानसाला त्येंचंच नाव सांगत्यात.”

“पण मी कुणाचा नव्हतो हो.”

“च्या घेतला न्हवं?” तिनं विचारलं, आणि पुन्हा सूप हातात घेतलं. तिच्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत ते दारात उभे, हातात जुन्या डायऱ्या. कुठल्या गावात कुणी बसवलं, कुणी चहा दिला, हे सर आभार मानण्यासाठी लिहून ठेवायचे. आम्ही नवीन टेबल केलं. पहिला रकाना गावाचं नाव, दुसरा पहिला चहा कुणाच्या घरी, तिसरा त्या घराचा पक्ष, चौथा सर्वेक्षणात पहिला आलेला पक्ष. चौतीसपैकी एकोणतीस गावांत तिसरा आणि चौथा रकाना एकच निघाला. तीन वर्षं सरांनी पक्ष मोजले नव्हते. आपण कुठं कुठं चहा प्यायलो तेवढंच मोजलं होतं.

गाइडनं फोनवर समजूत घातली. संशोधनाच्या मर्यादा म्हणून एक परिच्छेद टाका, म्हणाले, आणि सादर करा, सगळे हेच करतात. सरांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, “तुम्ही काय कराल?”

मी म्हणालो, “मी सादर करेन आणि रात्री शांत झोपेन. सर, मी चारी पक्षांची पत्रकं छापतो आणि चारी ठिकाणी चहा पितो. माझ्यावर कुणी संशय घेत नाही. तुम्हीही सगळ्यांकडे प्या, फिटंफाट होईल.”

“मग सगळे मला थोडंथोडं खोटं सांगतील. नाही इरशादभाई. आता कुणाकडेच नाही.”

तिथून दुसरी फेरी सुरू झाली. सरांनी एक थर्मास घेतला, हिरवा, खोलीवरून चहा भरून न्यायचा. पाण्याची बाटलीही स्वतःची. गावात गेलं की कुणाच्या घरी बसायचं नाही, एसटीच्या शेडमध्ये नाहीतर शाळेच्या कट्ट्यावर बसायचं, आणि कुणी ‘च्या घ्या’ म्हणालं की हात जोडायचे. विद्यापीठाकडून मुदतवाढ मिळाली होती, तेवढ्यात चौतीस गावं पुन्हा करायची होती.

काम होत होतं, हे मला मान्य करावं लागेल. लोक आधी बिचकले, मग बोलायला लागले. कुणी सांगितलं, झेंडा एकाचा लावतो आणि मत दुसऱ्याला देतो. कुणी सांगितलं, पक्षाचं नाव आम्हाला ठाऊक नाही, दाखला ज्याच्या दारात मिळतो तो आमचा पक्ष. टाइप करताना मीच वाचत बसायचो, नियम वगैरे सगळं गुंडाळून. पण गावं सरांना विसरायला लागली. पूर्वी ज्यांच्याकडे ते चहा प्यायले होते, त्या घरांतून दिवाळीला फोन यायचे, लग्नाच्या पत्रिका यायच्या. आता सर शेडमध्ये एकटे बसलेले दिसायचे, थर्मासच्या झाकणात चहा ओतून घेताना, आणि माणसं लांबून वळून जायची. आमच्याकडं चहा नाकारणारा माणूस एक तर भांडलेला असतो नाहीतर आजारी असतो. तिसरं कारण लोकांना माहीत नाही.

भोर शहर त्या चौतिसात नव्हतं, म्हणून माझ्याकडचा चहा सरांना चालायचा. ईदला यास्मिनच्या हातचा शीरखुर्मा ते दोन वाट्या खायचे. एकदा वाटी ठेवताना म्हणाले, “वाडी सोडली तर महिन्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरात जेवतोय.” यास्मिन आत जाऊन माझ्यावर चिडली की या माणसाला आधी का नाही आणला.

वाडी त्यांनी शेवटासाठी ठेवली होती. मधल्या काळात करोनामुळं सगळंच थांबलं, आणि परत गाडी चालू झाली तेव्हा ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या. धनाजी उभा राहिला. प्रबंधाची मुदत मार्चमध्ये संपत होती, मतदान जानेवारीत होतं, आणि सरांना तीस फॉर्म मतदानाच्या आधी हवे होते, कारण बाकीची गावं आधीच झाली होती आणि निकालानंतर लोक जिंकलेल्याचंच नाव सांगतात.

मी त्यांना सरळ सांगितलं, “सर, एवढी एक वाडी सोडा. हजारातले तीस फॉर्म. कुणी विचारणार नाही.”

“मी विचारेन,” ते म्हणाले. “दादाला समजेल. त्यानंच तर मला शिकवलंय.”

मीच त्यांना घेऊन गेलो. वाडीची शेड धनाजीच्या दारातून सरळ दिसते, हे मला तिथं गेल्यावर कळलं. सर कट्ट्यावर बसले, पिशवी उघडली, फॉर्म काढले. धनाजीच्या दारात वहिनी, सुलक्षणाबाई, येऊन उभ्या राहिल्या आणि पदराला हात पुसत बघत राहिल्या. थोड्या वेळानं धनाजी स्वतः आला. त्याच्याबरोबर प्रचाराची चार माणसं होती.

“मानसिंग, हितं का बसलास? घरी चल.”

“दादा, आज नको. आज मी कामावर आहे.”

“कामावर? आपल्याच गावात?”

“हे झालं की येतो. पुढच्या महिन्यात येतो, चार दिवस राहायला येतो.”

“बरं, ऱ्हाऊ दे काम. च्या तरी घे. तुज्या वयनीनं ठेवलाय.”

सर उभे राहिले. त्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि त्या क्षणी त्यांनी नियम मोडला असता तर मी स्कूटरवर नाचलो असतो. पण त्यांनी भावाला हात जोडले. सख्ख्या थोरल्या भावाला, जसे ते परक्या गावात परक्या माणसांना जोडायचे तसे. धनाजीनं त्या हातांकडं पाहिलं, मग थर्मासकडं, आणि मागं वळला. ती चार माणसं एकमेकांकडं बघत त्याच्या मागून गेली. सरांनी तीस फॉर्म पूर्ण केले. एकही कमी नाही.

धनाजी सात मतांनी पडला. सख्खा भाऊ ज्याच्या घरचा चहा पीत नाही त्याला आपण मत का द्यायचं, असं वाडीत बोललं गेलं. कुणी म्हणालं, प्राध्यापक माणूस आहे, त्याला आतलं काहीतरी माहीत असणार. विरोधी पॅनेलनं तर मतदानाआधीच्या सभेत तेवढंच सांगितलं, दुसरं काही सांगायची त्यांना गरज पडली नाही.

सर दुकानात आले ते तळटीप घेऊनच. अकरा ओळींची होती. प्रस्तुत संशोधकाने स्वतःच्या भावाकडचा चहा नाकारल्याचा अर्थ गावाने विरोध असा लावला. सबब संशोधकाची तटस्थता हीदेखील त्या गावात एक राजकीय कृती ठरली, असं काहीसं. मी टाइप करायला नकार दिला. “हे कशाला लिहिताय? परीक्षकांना काय करायचंय तुमच्या घरचं?”

“सात मतं माझ्यामुळं गेली की नाही, हे सिद्ध करता येणार नाही,” सर म्हणाले. “पण गाव तसं मानतं आणि दादा तसं मानतो. अख्ख्या प्रबंधात मला खात्रीनं माहीत असलेली हीच एक गोष्ट आहे. टाइप करा.”

मी केलं. पानं सरकली म्हणून पुढची चाळीस पुन्हा काढावी लागली. टाइप करताना मला सरांचा राग येत होता आणि ते समोर बसून फोन लावत होते. धनाजी उचलत नव्हता. पुढच्या महिन्यात म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. शनिवार दुपारची गाडी सुटायची तेव्हा सर दुकानात बसून जुनं वर्तमानपत्र वाचायचे. एकदा मी गाडी आल्याचं सांगितलं, तर म्हणाले, “मला फार एकटं वाटतं हो, इरशादभाई,” आणि पान उलटलं. मी मशीन चालू केलं.

तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली. परीक्षकांनी त्या तळटिपेचंच सगळ्यात जास्त कौतुक केलं म्हणे. सरांनी एक जादा प्रत बांधून घेतली, पहिल्या पानावर ‘दादास’ एवढंच टाकायला सांगितलं, आणि नसरापूरहून पेढे घेतले. “आता काम संपलं,” स्कूटरवर मागून ते म्हणाले. “आता मी कुणाकडेही काहीही पिऊ शकतो.” त्यांच्या आवाजात इतका उत्साह मी बारा वर्षांत ऐकला नव्हता. थर्मास त्यांनी आणला नव्हता.

धनाजीनं आम्हाला हाकलून दिलं नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. त्यानं ओसरीत खुर्च्या टाकायला लावल्या. आमच्याकडं घरचा माणूस खुर्चीवर बसत नाही, तो सरळ आत जातो. सर खुर्चीवर बसले. धनाजीनं प्रत हातात घेतली, वजन पाहिलं, डोक्याला लावली आणि फडताळात ठेवली. पेढा खाल्ला. पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. वहिनी बाहेर आल्या, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा आत गेल्या.

आतून स्टोव्हचा आवाज आला तेव्हा सर सावरून बसले. मी पाहिलं, त्यांनी रुमाल काढून हात पुसले.

वहिनी एक कपबशी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवली. एकच होती. मी वहिनींकडं पाहिलं.

“घ्या की इरशादभाई,” त्या म्हणाल्या. “सर घेत न्हाईत कुनाकडं.”

इतकी वर्षं त्या त्यांना भाऊजी म्हणायच्या. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. मुलांच्या शाळेतला कुणी आला असता तर जशा बोलल्या असत्या तशा बोलल्या. धनाजी अंगणाकडं बघत होता.

सर म्हणाले, “वहिनी, आता घेतो. मलाही टाका अर्धा कप.”

वहिनींनी नवऱ्याकडं पाहिलं. धनाजीनं मान वळवली नाही. “दूध आत्ताच डेरीला घातलं, सर,” त्या म्हणाल्या. “हुतं तेवढं पावन्याला टाकलं.”

“असू दे, असू दे,” सर म्हणाले.

मला तो चहा ढकलून द्यावासा वाटला. पण पावण्यानं कप उष्टा सोडला तर त्या घरात त्याचा काय अर्थ लावतील, हे टाइप करणाऱ्यालाच ठाऊक होतं. मी घोट घोट करून सगळा संपवला. सर शेजारच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसले होते, माझा कप रिकामा होण्याची वाट बघत.